ठशांचे चित्रकार चित्तप्रसाद

परभणीकडील शेतकऱ्यांना जवस चांगला परिचयाचा आहे. जवसाची चटणी आपण आवडीने खातो. परंतु जवसाच्या तेलाचा चित्रकलेशी निकटचा संबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हे तेल हवेने घट्ट होऊ देतात, त्यात बुचाची भुकटी मिसळतात आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापतात. त्याचा जो मऊ, चिवट पत्रा तयार होतो, त्यास लिनोलियम म्हणतात. वास्तविक तो घरात जमिनीवर अंथरण्यासाठी निघाला. चित्रकारांनी त्याचा ठसा केला.

प्रथम पत्र्यावर चित्र काढावयाचे आणि जो भाग पांढरा हवा, तो कोरणीने खोदून टाकावयाचा. उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवून वर कागद दाबला, की चित्र उमटते, मात्र उलटे! म्हणून अक्षरेही उलटी कोरावी लागतात. एकदा कोरलेले पुन्हा भरून काढता येत नाही. हात किती स्थिर हवा! पण एका ठशावरून पुष्कळ प्रती निघतात व त्या स्वस्त पडतात.

चित्तप्रसादांना हेच हवे होते. त्यांचा जन्म 1915 साली बंगालमधील नैहाटी येथे झाला. भट्टाचार्य हे जातिदर्शक आडनाव त्यांनी टाकून दिले. 1943 साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले. जे दिसले, ते त्यांनी काळ्या शाईने रेखाटले आणि 'हंग्री बेंगॉल' ह्या पुस्तकातून लोकांपुढे ठेवले. इंग्रज सरकारला ते कसे रुचावे? त्याने प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत मात्र कुटुंबीयांनी जपली होती. तिच्यावरून 2011 साली ते पुस्तक पुन्हा छापले गेले.

1946 साली चित्तप्रसाद मुंबईस आले व पुढे अंधेरीत राहिले. ज्या वयात शाळेत जावे, त्या वयात बूट पुसणारी, कष्ट उपसणारी मुले त्यांना रस्तोरस्ती दिसत. त्या मुलांची चित्रे त्यांनी ठशांवर कोरली. ही चित्रमाला 1969 साली डेन्मार्कमधील युनिसेफच्या समितीने प्रसिद्ध केली. मुलांच्या करमणुकीसाठी त्यांनी बाहुल्यांचे खेळही केले. त्या बाहुल्या ते स्वतः घडवीत. पैसा त्यांना कधी फारसा मिळाला नाही. 1978 साली कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.