कालबाह्य कोडकडून पुढच्या पायरीकडे

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेची माहिती आता मोबाइलवर शोधली जाते, आणि एखादे संकेतस्थळ किती जुन्या पद्धतीने बांधले आहे, हे त्या लहान पडद्यावर लगेच उघडे पडते. अशा पद्धतींवर हात बसलेल्या वेब डेव्हलपरने नव्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे तयार सांगाड्यांच्या, मागे धावण्याआधी जुन्या पद्धती कोणत्या अडचणीतून निघाल्या, हे समजून घेणे हिताचे ठरते.

प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकात देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले. तरी संगणक व ब्राउझर यांची साथ मिळेपर्यंत अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फॉन्टवरच चालत. त्यांच्या फाइलींत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत, आणि देवनागरी रूप केवळ फॉन्ट दाखवी. ‘धाराशिव’ लिहिताना पहिली वेलांटी, दिसते तशी, ‘श’च्या आधी नोंदली जाई, युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर येते. त्यामुळे असा मजकूर देवनागरीत शोधून सापडत नसे, आणि त्याचे रूपांतर करताना संकेत बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हा बारकावा ठाऊक असणे ही जुन्या अनुभवाची जमेची बाजू आहे.

पानाचे रकाने तक्त्यांत बसवण्याची सवय, सीएसएस ही मांडणीची भाषा १९९६ मध्ये प्रमाणित होऊनही टिकली, कारण प्रत्येक ब्राउझर तिचा अर्थ आपापल्या परीने लावी. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी सीएसएस ग्रिड ही रकान्यांची व्यवस्था स्वीकारल्यावर त्या सवयीला सबब उरली नाही. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतील मायएसक्यूएल डेटाबेससाठीची मूळ फंक्शन्सही २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत वगळली गेली. त्यांच्यासोबत रुळलेली एक सवयही सोडावी लागते: अर्जात भरलेला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या हुकमात, जोडला, तर घुसखोराला त्यातून डेटाबेसला हुकूम सोडता येतो. त्या मूळ फंक्शन्समध्ये नसलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आधीच तयार केलेल्या क्वेरीत, हुकूम आणि माहिती वेगळी राहत असल्याने हा धोका टळतो.

म्हणून स्वतःचेच एखादे जुने संकेतस्थळ मजकूर, मांडणी, डेटाबेस अशा क्रमाने नव्याने बांधणे आणि प्रत्येक बदल कारणासह गिट या नोंद ठेवणाऱ्या साधनात साठवणे, हा सर्वांत खात्रीचा सराव ठरतो. मुलाखतीत अनुभवाची वर्षे मोजून दाखवण्यापेक्षा ही नोंद उमेदवाराची समज अधिक स्पष्ट करते.