आखाजीला इंग्रजीत काय म्हणावे?

इंग्रजी भाषेत एकाच घरातल्या जावांसारखे काही शब्द आहेत. हॅबिट, रूटीन, प्रॅक्टिस, कस्टम, ट्रॅडिशन, रिच्युअल. लांबून साऱ्या सारख्याच वाटतात. एकीचे काम दुसरीला सांगितले की मग खरा स्वभाव कळतो. शब्दकोश उघडावा, तर एकीची ओळख करून देताना दुसरीचेच नाव पुढे केलेले!

भुसावळजवळची आमची दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. येथे घराघरांतले जेवण आणि झोप पाळ्यांवर ठरते, त्यामुळे रूटीन म्हणजे काय ते कोणाला शिकवावे लागत नाही. माणूस बदलला तरी पाळी चालूच राहते. निवृत्त झालेल्या गृहस्थांना मात्र काम नसतानाही पहाटे चारला जाग येते, ती हॅबिट. रूटीन मागे वसाहतीत राहते, हॅबिट माणसाबरोबर गावी जाते. रूटीन हा शब्द मुळात फ्रेंचांच्या वाटेवरून, ‘रूट’वरून आलेला. आपल्या ‘वहिवाटी’तही वाट आहेच. नेहमीच्या पायाखालच्या वाटेवरून शब्द घडवण्याची बुद्धी दोन्हीकडच्या लोकांना झाली, याची मला मौज वाटते.

शेजारची एक मुलगी पुण्यात परदेशी कंपनीत अभियंता आहे. आपल्या गावच्या सणाबद्दल चार ओळी लिहून द्या, असे तिच्या कचेरीने सांगितले. सुट्टीत आली तेव्हा तिने विचारले, “काका, आखाजी म्हणजे कस्टम लिहू, की ट्रॅडिशन?”

मी म्हटले, “कुठली आखाजी, ते आधी सांग.”

कारण अक्षय्य तृतीयेचा तो एकच दिवस खानदेशात अनेक कामे करतो. सकाळी पितरांच्या नावाने घागर भरतात, तिची पूजा होते. त्यात क्रम आहे, चुकले तर पुन्हा करायचे असते. हे रिच्युअल. सासरच्या मुली माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, झाडाला झोके बांधतात. हे आईकडून लेकीकडे आलेले. ट्रॅडिशन या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच हातातून हातात देणे असा आहे. एखाद्या वर्षी झोका बांधला नाही तर हळहळ वाटते, पण दंड होत नाही. आमरस आणि पुरणपोळीला मात्र मी कुठलाही भारदस्त शब्द देणार नाही. आखाजीला गावोगाव पत्त्यांचे डाव रंगतात, त्याला काय म्हणावे हे तिनेच ठरवावे असे मी सुचवले. पोलिसांकडे त्याला वेगळाच शब्द आहे.

आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी सालदाराचे साल संपते. नवे साल, नवा मालक, पैसे किती, धान्य किती, हे आखाजीला ठरते. ही कस्टम. मोडली तर जाब विचारणारा कोणीतरी उभा असतो. शब्द निवडताना मी हीच परीक्षा लावतो. मोडल्यावर जाब कोण विचारतो?

ही नुसती शब्दांची करमणूक नव्हे, हे मी नोकरीत पाहिले. एका शाखेत असताना मृत खातेदाराच्या ठेवीसाठी त्याची पत्नी भावाला घेऊन आली. ठेवीला नामनिर्देशन नव्हते. तिचे हे दुसरे लग्न. पहिल्या नवऱ्यापासून जातीच्या पंचांसमोर काडीमोड झालेली, कोर्टाचा कागद नाही. मृताच्या पुतण्यांनी हरकत घेतली की, हे लग्नच खरे नव्हे. भावाने सांगितले होते, “आमच्यात तशी चाल आहे, साहेब.” बाहेरच्या टंकलेखकाने अर्जात त्याचे इंग्रजी केले ‘हॅबिट’! बाई नवरे सोडण्याच्या सवयीची आहे, असा त्या वाक्याचा अर्थ होत होता. ती बिचारी अंगठा उठवून मोकळी झाली होती.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमाने रूढीने मान्य केलेला घटस्फोट राखून ठेवला आहे. पण ती रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली असली पाहिजे. म्हणजे कस्टम. अर्ज बदलून घेतला. शब्द बदलल्याने पैसे मिळत नाहीत. वाद होता म्हणून वारसा दाखल्यासाठी तिला कोर्टात जावे लागले आणि जातीतल्या वृद्धांना साक्षीला उभे राहावे लागले. दाखला मिळायला दोन वर्षे गेली. पण ‘हॅबिट’ सिद्ध करायला ती कुठल्या कोर्टात गेली असती?

इंग्रज सरकारला हा फरक ठाऊक होता. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये, लेखी कायदा नसेल तेथे त्या मुलखाची ‘युसेज’ पाहावी, असे सांगितले होते. 1881 च्या पराक्राम्य लेख कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांची स्थानिक वहिवाट आरंभीच अबाधित ठेवली. आणि ‘कस्टमर’ हा शब्दही ‘कस्टम’च्याच घरातला. नेहमी त्याच दुकानी येणारा, तो कस्टमर. बँकेत आम्ही दिवसभर हा शब्द वापरत होतो, त्याचे कुळ कधी कोणी विचारले नाही.

हल्ली सकाळच्या कॉफीला आणि तोंडाला लावायच्या मलमालाही जाहिरातवाले रिच्युअल म्हणतात. म्हणोत. पण त्यामुळे घागरीचे रिच्युअल इंग्रजी वाचणाऱ्याला हलके वाटू लागते, ही अडचण खरी आहे.

त्या मुलीने आखाजीवर चांगल्या आठ ओळी लिहिल्या, पत्ते गाळून. पुढे श्रावणात कानबाईला येताना तिची पुन्हा पंचाईत झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे रजा हवीच. रजेच्या अर्जात कारणाचे दोनच रकाने होते, धार्मिक आणि कौटुंबिक. तिने फोनवर विचारले. मी उलट विचारले, तुमच्यात रोट कोणी खायचे असतात?

“घरच्यांनीच. बाहेर द्यायचे नाहीत, संपवायचे.”

तिने कौटुंबिक रकाना भरला. रजा मंजूर झाली.