नऊ किलोमीटरांसाठी वर्षभर

कॅलिफोर्नियातल्या पसाडीना शहरात दर १ जानेवारीला रोझ परेड निघते. त्या दिवशी रविवार आला तर २ तारखेला. १८९० पासून चालत आलेल्या या मिरवणुकीतल्या चित्ररथांना एक कडक नियम आहे: रथाचा जेवढा भाग डोळ्यांना दिसतो, तेवढा सगळा फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकलेला हवा. प्लॅस्टिकचं फूल चालत नाही आणि खऱ्या फुलाला रंग दिलेलाही चालत नाही.

बड्या कंपन्या आपले रथ व्यावसायिक कारागिरांकडून बनवून घेतात. त्यांच्याच रांगेत, त्याच स्पर्धेत, कॅल पॉली या नावाच्या, पोमोना आणि सॅन लुइस ओबिस्पो इथल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी मिळून स्वतः बांधलेला एक रथ असतो. सुरुवात १९४९ ची. हाताशी २५८ डॉलर आणि ९० दिवस. मुलांनी एक झुलता घोडा उभा केला आणि पहिल्याच वर्षी बक्षीस मिळवलं. आजवर अशी पन्नासहून अधिक बक्षिसं त्यांच्या नावावर आहेत.

तेव्हा पोमोना ही सॅन लुइस ओबिस्पोच्या मूळ संस्थेची शाखा होती. १९६६ मध्ये ती वेगळी झाली, पण रथ काही वेगळा झाला नाही. अर्धा सांगाडा एका गावात, अर्धा दुसऱ्या गावात, मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटर. शरद ऋतूत उत्तरेकडचा अर्धा भाग पोमोनाला येतो आणि दोन्ही भाग एकमेकांना जोडले जातात. मला या साऱ्या उपक्रमात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एकाच आराखड्यावर दोन गटांनी लांबून काम करायचं आणि जोडणीच्या दिवशी लोखंडाला लोखंड बसलं पाहिजे, हे परीक्षेच्या पेपरात शिकवता येत नाही.

सांगाड्यावर बारीक सळयांनी आकार काढतात, त्यावर जाळी आणि फोम चढवतात. मग रंग देतात. हा रंग दाखवण्यासाठी नसतो. कुठे काय चिकटवायचं, हे मदतीला आलेल्या माणसाला त्यावरून समजतं. त्यानंतर येतात बिया, आणि त्यांची यादी वाण्याच्या दुकानातली वाटावी अशीच: जवस, खसखस, तांदूळ, मसूर. काळा रंग हवा तर कांद्याचं बी, पांढऱ्यासाठी खोबऱ्याचा कीस, तपकिरीसाठी अक्रोडाच्या कवचाचा चुरा. सुकी फुलं दळून त्यांची पूडही वापरतात. सुकं सामान आधी लागतं, ताजी फुलं मात्र नाताळ ते नववर्ष या शेवटच्या आठवड्यात. गुलाबाचा एकेक देठ पाण्याच्या छोट्या नळीत खोचून ती नळी रथात रोवायची. फुलं आधी लावली तर कोमेजणार, उशीर झाला तर परीक्षक दारात. काही फुलं तर विद्यार्थी स्वतःच्या शेतात लावतात. म्हणजे डिसेंबरच्या रंगांचा विचार पेरणीच्या वेळीच करावा लागतो.

या मुलांनी मिरवणुकीला यंत्रविद्याही दिली. १९६८ मध्ये त्यांनी रथातल्या आकृत्या हलवायला हायड्रॉलिक यंत्रणा वापरली, १९७८ मध्ये त्या हालचाली संगणकाच्या ताब्यात दिल्या. पुण्यातले हलते देखावे पाहून वाढलेल्या वाचकाला यातली मेहनत वेगळी सांगायला नको. फरक इतकाच, की इथे देखावा चालत असतो. चालक फुलांच्या आत बसतो, त्याला रस्ता जेमतेम दिसतो. बाहेरचं पाहणारा सहकारी त्याला सूचना देत राहतो. कोलोरॅडो बुलेव्हार्डवर वळतानाचा कोपरा अवघड, आणि पुढे महामार्गाच्या पुलाखालून जायला उंच भाग खाली घ्यावा लागतो. ती घडी बसेना, तर मागची सगळी मिरवणूक खोळंबते.

मिरवणुकीचा सगळा रस्ता साडेपाच मैल, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटर. चालण्याच्या वेगाने हे अंतर दोन तासांत संपतं. मिरवणुकीनंतर रथ लोकांना जवळून पाहता येतात, मग फुलं उतरवली जातात आणि सांगाडा सुटा होतो. पुढच्या वर्षीच्या रथाच्या कल्पना मागवायला त्यानंतर लगेचच सुरुवात होते, आणि कल्पना पाठवायला या विद्यापीठांत शिकत असावं लागत नाही.