श्रीरामपूरची डेअरी शेअर बाजारात गेली, पुढे काय झालं?

आयपीओ आला म्हणजे कंपनी वाढणारच, असं आपण धरून चालतो. आपल्या श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचं बघा. २०१५ मध्ये तिने शेअरचा भाव १४० ते १४७ रुपये ठेवला. प्रतिसाद थंड, शेवटी ११५ वर यावं लागलं. नव्या शेअर्समधून आलेल्या पैशांतला मोठा वाटा जुनं कर्ज फेडण्यासाठी होता. (माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण!) कर्ज फिटलं की व्याज वाचतं, वाढीला जागा होते. लिस्टिंगनंतर मात्र आपण एकमेकांत शेअर घेतो-विकतो, त्यातला रुपयाही कंपनीला मिळत नाही. २०१९ मध्ये प्रभातने दुधाचा धंदा फ्रेंच लॅक्टालिसच्या तिरुमला मिल्कला सुमारे १,७०० कोटींना विकला. शेअरधारकांच्या हातात उरली, दूध नसलेली डेअरी.