बालाघाटावरील झाडांचा अवकाशातून हिशेब

बीड शहरानजीक पालवण येथील उजाड डोंगरावर वनखात्याच्या सहकार्याने सह्याद्री देवराई या संस्थेने, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने, हजारो रोपे लावली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथेच जे वृक्षसंमेलन भरले त्याचे अध्यक्षपद एका वटवृक्षास देण्यात आले. अध्यक्षीय भाषण लांबले नाही, एवढा लाभ तरी श्रोत्यांच्या पदरी पडलाच असेल. त्या समारंभाचे मनापासून कौतुक करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पालवणपुरता नव्हे, तर २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी रोपांचा संकल्प सोडणाऱ्या अवघ्या राज्याचा आहे: सरकारदप्तरी जमा झालेल्या रोपांचे लाकूड किती झाले?

झाडाचे वाळवून जे वजन भरेल तो त्याचा जैवभार. त्याचा सुमारे निम्मा हिस्सा कर्बाचा असतो. तो जाणण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीस, बुंध्याला फीत गुंडाळून घेर टिपावयाचा, उंची पाहावयाची, आणि त्या जातीच्या लाकडाची घनता जमेस धरून, पूर्वी प्रत्यक्ष तोडून तोललेल्या झाडांवरून बसविलेल्या समीकरणात हे आकडे घालावयाचे. परंतु बोरी-बाभळीच्या काट्यांतून प्रत्येक झाडाशी जाणे कोणाही वनरक्षकाच्या आवाक्यातले नाही. म्हणून मोजक्या तुकड्यांची मोजणी करून उरलेल्या क्षेत्राचा अंदाज उपग्रहाच्या साहाय्याने बांधतात.

उपग्रहास वजन दिसत नाही, प्रकाश दिसतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व अवरक्त परतविते; या तफावतीवरून सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या चौकोनात हिरवेपणा किती, हे कळते. पण बीडसारख्या अवर्षणप्रवण मुलखात हा हिरवेपणा फसवा आहे: श्रावणात माळावर कुसळी माजली की रोपे मेलेले खड्डेही हिरवे दिसतात, आणि फाल्गुनात निष्पर्ण झालेले जिवंत वन मुरमाच्या रंगात मिसळून जाते. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे पसंत करते, ते उगीच नव्हे.

रडारच्या लहरी ढगांतूनही पार जातात. सेंटिनेल-१ च्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी पाने व डहाळ्यांशीच अडखळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी मात्र जाड फांद्या व खोडापर्यंत पोहोचतात. घनदाट अरण्यात, हेक्टरी सुमारे १०० टनांपुढे, त्यांचा प्रतिसाद वाढेनासा होतो. बीडची अडचण नेमकी उलटी, की विरळ, कोवळ्या लागवडीत झाडांपेक्षा जमिनीचाच प्रतिध्वनी प्रबळ ठरतो, आणि एका वळिवाने माती भिजली तरी आकडा चढतो.

यास्तव जमिनीवरील फितीने रुजुवात केल्यावाचून आकाशातील आकडा ग्राह्य धरता येत नाही. वनखात्याने व संस्थांनी खोदलेल्या खड्ड्यांचा जमाखर्च देतानाच, पाचव्या व दहाव्या वर्षी त्याच ठरावीक तुकड्यांतील झाडांचे घेर, जातवार व अक्षांश-रेखांशांसह, लोकांसमोर मांडावेत. उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, अडून राहिले आहे ते एवढ्या नोंदवहीपाशी.