अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह

पीयूसी काढताना नळी घालतात ती सायलेन्सरमध्ये. पण इंजिनातून घाण बाहेर पडायला आणखी एक वाट असते. पेट्रोल पेटलं की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल भरपूर. पूर्वी तो उघड्या नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिसचं डोळे झोंबवणारं धुरकं अशा हायड्रोकार्बनवर उन्हाची प्रक्रिया होऊन तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं. १९६१मध्ये कॅलिफोर्नियाने सक्ती केली, ती आधी ही वाट बंद करण्याची.

ते काम करतो पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा वायू तो पुन्हा इंजिनाकडे जळायला पाठवतो. आत एक दांडी आणि स्प्रिंग, बस्स. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डची ओढ जबरदस्त असते. ती दांडीला खेचून वाट अरुंद करते, नाहीतर जादा हवा शिरून इंजिन अडखळलं असतं. गाडी जोर काढायला लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग दांडीला मागे रेटते, वाट रुंदावते. खाली झिरपणारा वायूही नेमका तेव्हाच वाढलेला असतो! इतक्या साध्या जुळणीचं मला आजही अप्रूप वाटतं.

बऱ्याच जुन्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरवर रबरात खोचलेला असतो. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू ठेवा. पंखा आणि बेल्टपासून हात दूर. व्हॉल्व्ह नळीसकट उपसा. सूं असा आवाज यायला हवा. तोंडावर बोट ठेवलं की ते ओढलं जातं. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा नळी चिरली, पिचकली आहे. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा. दांडी खुळखुळली पाहिजे. अर्थात खुळखुळली म्हणून स्प्रिंग धड आहे असं नाही.

आमच्या गाडीचं टॅपेट कव्हर सारखं ऑइलने ओलं व्हायचं. गॅस्केट दोनदा बदलून झालं होतं. गेल्या रविवारी व्हॉल्व्ह काढून हलवला, तर आवाजच नाही. तोंडाशी डांबरासारखा चिकट थर. वायूला वरची वाट बंद, म्हणून आतला दाब गॅस्केटमधून ऑइल बाहेर ढकलत होता. नवा व्हॉल्व्ह बसवला, कव्हर पुसून काढलं. आठवडाभराने बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं.