लिझाच्या तळ्याकाठी

निकोलाय करमझिनची ‘गरीब लिझा’ ही कथा 1792 साली छापून आली आणि मॉस्कोतल्या सिमोनोव मठाजवळच्या एका तळ्याकडे लोकांची रीघ लागली. कथेतली शेतकऱ्याची पोर लिझा प्रियकरानं दगा दिल्यावर तिथंच जीव देते. शिकलेली मंडळी तळ्याकाठी येऊन डोळे पुसत, झाडांच्या सालींवर ओळी कोरत. लिझा ही कल्पनेतली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मते ते तिथं रडायला शिकत होते.

त्यांच्या पुढच्या पिढीनं तर पुस्तकाच्या मापानं स्वतःचं मन मोजायला सुरुवात केली. गटेच्या ‘वेर्थर’ या कादंबरीचा मित्रांबरोबर अनुवाद करायला घेणारा कवी आंद्रेय तुर्गेनेव रोजनिशीत स्वतःला तपासत राही : आपल्याला पुरेसं तीव्र वाटतंय ना, की आपण थंडच आहोत? 1803 मध्ये, ऐन विशीत, तो गेला. त्याचा मित्र, कवी झुकोव्स्की आपल्या सावत्र बहिणीच्या मुलीच्या, माशा प्रोतासोवाच्या, प्रेमात पडला. तो अनौरस, कागदोपत्री नातं नव्हतंच. तरी तिच्या आईनं नकार दिला. दोघं एकमेकांसाठी रोजनिशा लिहीत राहिली आणि विरहालाच त्यांनी साधना मानलं. 1817 साली माशाचं लग्न दुसऱ्याशी झालं. सहा वर्षांनी बाळंतपणात ती वारली.

पण या भावसंस्कृतीची खरी प्रयोगशाळा म्हणजे बाकुनिन कुटुंबाचं प्रेमुखिनो हे गाव. 1830 च्या दशकात शेलिंग आणि फिश्टे हे जर्मन तत्त्वज्ञ वाचणारे मॉस्कोचे तरुण तिथं जात आणि पुढं अराजकवादी म्हणून गाजलेल्या मिखाईल बाकुनिनच्या बहिणींच्या प्रेमात पडत. प्रेम म्हणजे त्यांच्या लेखी आत्म्याच्या उन्नतीची पायरी! त्या तरुणांतल्या स्तांकेविचचं यांतल्या ल्युबोवशी लग्न ठरलं. मग आपलं प्रेम खरं नाही, असं त्याला उमगलं. तिला ते सांगवेना. प्रकृतीचं निमित्त करून 1837 मध्ये तो परदेशी गेला, ती वाट पाहत 1838 मध्ये क्षयानं गेली. पुढं तिचीच बहीण वार्वारा त्याला खरी वाटली. 1840 मध्ये इटलीत त्याच्या अखेरच्या दिवसांत तीच जवळ होती. गरीब डॉक्टरचा मुलगा, समीक्षक बेलिन्स्कीही त्या घरी राहिला, अलेक्झांद्रा या आणखी एका बहिणीवर झुरला आणि आपण इथं शोभत नाही, या भावनेनं पोळला. पुढं पत्रांतून त्यानं या उसन्या उदात्ततेची सालटी काढली. या साऱ्या मंडळींत मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

याच पिढीतल्या हर्झन या लेखकानं हद्दपारीत असताना आपल्या प्रेयसीला, नताल्याला, ढीगभर पत्रं लिहिली आणि 1838 मध्ये तिच्याशी लग्न केलं. दहा-बारा वर्षांनी ती जर्मन कवी हेर्वेगमध्ये गुंतली, तेव्हा या घरगुती दुःखाचा निवाडा युरोपातल्या क्रांतिकारकांनी करावा, असा हर्झननं हट्ट धरला. नताल्या 1852 मध्ये नीस इथं वारली. त्याच वर्षी लंडनमध्ये तो आपल्या आठवणी लिहायला बसला.